अजून अर्धा आटा

नानाकाकांकडे पाहुणा आला की काकू चहाआधी त्याची मनगटं बघतात. दणकट दिसली तर आतून लोणच्याची बरणी बाहेर येते. तिचं झाकण शेवटचं नानांनी लावलेलं असतं.

नाना आवळणाऱ्या जातीचे. एखादी वस्तू लागली, बसली, मिटली, यावर त्यांचा विश्वासच नाही. ‘अजून अर्धा आटा’ म्हणत ते दातओठ खाऊन एक पीळ वर देतात. न्हाणीघरातला नळ ते असा पिळतात की वायसर फाटून तो गळू लागतो. गळतो म्हणून ते आणखी पिळतात. पायजम्याच्या नाडीसाठी उशाशी कात्री ठेवावी लागते. नोकरीत त्यांनी सुतळीनं बांधलेले फायलींचे गठ्ठे त्यांच्या निवृत्तीनंतर कोयत्यानं सोडवले, असं त्यांचे सहकारी सांगतात.

अशा माणसाकडे अँबॅसिडर होती. जुनी, १४८९ सीसीची, पेट्रोलवरची. एके दिवशी रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसू लागले आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. हेड गॅस्केट गेलं होतं. इंजिन उघडलंच आहे तर रिंगा, बेअरिंगा, व्हॉल्व्ह सगळंच करून घेऊ, असं ठरलं आणि गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडे गेली.

हेड बसवायच्या दिवशी नाना स्वतःचा रिंग पाना घेऊन हजर. सोबत हातभर लांब पाइपाचा तुकडा. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला की जोर किती वाढतो, हे त्यांनी मला रस्त्यातच सांगितलं होतं.

‘साहेब, आज नुसतं बगायचं,’ मिस्त्री म्हणाले.

अकरा नट होते. मिस्त्रींनी आटे ब्रशनं साफ केले, तेलाचं बोट फिरवलं. ‘कोरड्या आट्यात सगळा जोर घासण्यातच जातोय. रेंच म्हनतोय झालं, पन नट बसलेलाच नसतोय.’ मग मधल्या नटापासून सुरुवात करून, या बाजूचा एक, त्या बाजूचा एक, असे कडेला गेले. आधी हलका हात, मग मध्यम, मग पुरा. तीन फेऱ्या. ‘पोळी मधनं लाटत कडंला न्हेत्यात, तसं. कडेचे आदी आवळले तर हेड वाकडं बसतंय.’

‘पण एवढ्यानं पुरतं?’ नाना.

‘साहेब, नट ज्यावर बसतोय त्यो स्टड म्हंजे स्प्रिंग. आवळला की केसभर ताणतोय आनि माघारी आखडायला बगतोय. त्या आखडण्यानंच हेड दाबून धरलंय. लई ताणला की जुन्या चड्डीच्या इलास्टिकागत गत व्हती.’

शेवटच्या फेरीत, ठरलेला जोर झाला की आवाज देणारा टॉर्क रेंच अकराव्यांदा ‘टक्’ म्हणाला आणि मिस्त्री चहाला गेले. मी दोन मिनिटं रस्त्याकडे बघत होतो. मागं वळलो तर पान्यावर पाइप चढलेला.

तीन नटांनी नानांचं ऐकलं. चौथा मात्र लोण्यासारखा फिरला.

‘बघ!’ नाना विजयानं म्हणाले. ‘अजून जागा होती की नाही?’

मग ‘टण्ण’ झालं.

स्टड ब्लॉकच्या तोंडाशी तुटला होता. लोण्यासारखी वाटली ती जागा नव्हती, धातूनं हात टेकले होते. हेड पुन्हा उतरलं. एकदा दाबलेलं गॅस्केट परत चालत नाही, ते नवं आलं. तुटक्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो बाहेर काढला. ताणलेल्या बाकीच्यांचा भरवसा नको म्हणून सगळेच स्टड बदलले. दोन दिवस गेले. मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. पाइप मात्र त्यांनी भंगारात टाकला.

पाचशे किलोमीटरनंतर हेड पुन्हा आवळायला आणि टॅपेटचा गॅप लावायला गाडी नेली, तेव्हा नानांनी स्वतःचा टॉर्क रेंच आणला होता. मिस्त्रींनी एक नट त्यांच्या हाती दिला. टक्. नाना थांबले, विचारात पडले आणि पुन्हा दाबलं. टक्.

‘हे दुसरं कशाला?’

‘खात्रीसाठी.’

मिस्त्रींनी रेंच काढून घेतला. काम आटोपल्यावर त्याची मूठ उलटी फिरवून आकडा पार खाली आणला आणि मगच तो पेटीत ठेवला. ‘आवळायचं हत्यार सैल करूनच ठेवायचं असतंय, साहेब. आतली स्प्रिंग थकती.’

नानांनी मान डोलावली. घरी पोचल्यावर पेटी उघडली, मूठ फिरवून आकडा पुन्हा वर नेला आणि वर अर्धा आटा दिला. ‘उद्या गरज पडली तर तयार असावा.’

थकलेल्या स्प्रिंगचा रेंच ठरलेल्या जोराच्या आधीच टक् करतो. नानांच्या घरात वेळेआधी ‘पुरे’ म्हणणारी ती एकमेव वस्तू ठरेल.