आमच्याआधी नाटक वाचणाऱ्या गृहस्थांस



आपलं नाव मला ठाऊक नाही आणि विचारण्याचा आगाऊपणाही करत नाही. महाराष्ट्रात नाटकाचा पडदा वर जायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. नाटकवाले त्याला नुसतं ‘सेन्सॉर’ म्हणतात. तिथे कुणीतरी ती वाचतं, प्रमाणपत्र मिळतं, आणि मगच तिसरी घंटा होते. वाचणारी माणसं बदलत गेली, खुर्ची तीच राहिली. तेव्हा हे पत्र खुर्चीलाच लिहिलंय असं समजावं.

प्रथम आपल्या प्रकृतीची चौकशी. जी शिवी ऐकून आम्ही बिघडू, ती आपण आधी वाचता. जो प्रसंग पाहून आमचा तोल जाईल, तो आपण भरदुपारी, चहाच्या कपासोबत, दोनदा वाचता (दुसऱ्यांदा खात्रीसाठी). इतकं सगळं पचवूनही आपण सज्जनच राहता, आणि बाल्कनीचं तिकीट काढलेला पन्नाशीचा माणूस मात्र एका वाक्यात वाया जाईल, ही आपल्या आणि आमच्या घडणीतली तफावत वैद्यकशास्त्राने तपासायला हवी.

आपला अधिकार कुठून येतो हे मी हौसेने शोधलं. मुंबई, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं, १९५१ सालचं ३३ वं कलम. त्याच कलमात रस्त्यावरून गुरं नेताना इतरांची अडचण होऊ नये म्हणून नियम करण्याचा अधिकारही आहे. नाटककार आणि गुरं एका दावणीला बांधण्याची ही कल्पना ज्याला सुचली, त्याला नाटकातलं बरंच कळत असणार.

परंपराही जुनी. बंगालमध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतावर प्रहसन झालं, सरकार चिडलं, आणि १८७६ साली नाट्यप्रयोगांना लगाम घालणारा कायदा आला. त्याच कायद्याने पुढे १९१० मध्ये खाडिलकरांचं ‘कीचकवध’ बंद पाडलं, कारण प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसू लागला होता. तो कायदा संसदेने अलीकडे मोडीत काढला. आपली खुर्ची मात्र शाबूत.

एक गोष्ट मला समजत नाही, रागावू नये. माझ्या फडताळात तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ आहे, पंचांगाशेजारीच. ते छापताना कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही. माझ्या सासूबाई ते दुपारी पडल्या पडल्या वाचतात आणि मग निवांत झोपतात. पण तेच शब्द पाच माणसांनी रंग लावून मोठ्याने म्हणायचे ठरवले, की राज्याचं स्वास्थ्य धोक्यात येतं. मनातल्या मनात वाचायला माणूस सज्ञान, आणि कानांनी ऐकायला अज्ञान? की मतदान करतो तो वेगळा आणि तिकीट काढतो तो वेगळा?

‘गिधाडे’चा विषय निघालाच आहे. १९७० साली श्रीराम लागूंनी ते रंगमंचावर आणलं, तेव्हा गर्भपाताची खूण म्हणून साडीवर लाल डाग होता. सेन्सॉरची हरकत आली. तडजोड म्हणून डाग निळा झाला, आणि निळा दिसेल तो लाल समजावा, अशी सूचना प्रयोगाआधी प्रेक्षकांना दिली जाऊ लागली. त्या प्रेक्षागृहाचा विचार मी पुष्कळदा करतो. लाल डाग दिसला असता तर काही जणांनी मान वळवली असती, काहींच्या लक्षातही आला नसता. आता मात्र प्रत्येक माणूस त्या निळ्याची वाट पाहत बसला, दिसताच स्वतःच्या डोक्यात तो लाल केला, आणि वर त्याला सरकारही आठवलं. एका डागाची इतकी जाहिरात कुठल्याही निर्मात्याला परवडली नसती. नाटकात रक्त होतं ते लेखकाचं. प्रेक्षकाच्या मनात गेलं ते आपलं. याचं श्रेय आपल्याला कधीच मिळालं नाही, ते आज जाहीरपणे देतो.

दोन वर्षांनी तेंडुलकरांचंच ‘सखाराम बाइंडर’. पुन्हा काटछाट, पुन्हा बंदी. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात त्यांनी हे सारं लिहून ठेवलंय. मला गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटते. हा सखाराम समाजाचे नियम झुगारतो आणि टाकलेल्या बायकांना घरात आणतो, पण उंबरा ओलांडणाऱ्या बाईला आधी स्वतःचे नियम ऐकवतो: काय करायचं, काय विचारायचं नाही, कुठवर बोलायचं. दोन खोल्यांचं सरकारच ते, आणि सगळं बाईच्या भल्यासाठी. संहिता इतकी बारकाईने वाचूनही आपल्या खुर्चीला त्यात ओळखीचं कुणी भेटलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

ज्यांच्याकडून ही विद्या आपण घेतली, त्या इंग्रजांकडे १७३७ पासून नाटकं राजवाड्यातला एक अधिकारी तपासायचा. सप्टेंबर १९६८ मध्ये त्यांनी ते बंद केलं. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ‘हेअर’ सुरू झालं, त्यात नट चक्क विवस्त्र. साम्राज्य तर आधीच गेलं होतं, त्यामुळे त्याचा दोष या नाटकावर टाकता येत नाही.

नटाने प्रयोगात कुणाची बदनामी केली, लोकांना दंग्यासाठी चिथावलं, तर त्याला कोर्टात खेचायला कायदे आहेत, आणि ते माझ्यासारख्यालाही लागू आहेत. गुन्हा झाल्यावर पकडायचं, हा नियम नाटकालाही चालला असता. अमोल पालेकर २०१६ मध्ये साधारण हेच विचारायला उच्च न्यायालयात गेले. पण आपल्याला घाई असते. वाक्य उच्चारलं जाण्याआधीच त्याची झडती झालेली बरी.

मग माझी विनंती एवढीच, की ही काळजी फक्त नाटकापुरती ठेवू नये. निवडणुकीच्या सभांची भाषणं आधी तपासावीत. पन्नास हजारांच्या मैदानात माइकवर जे बोललं जातं त्याला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही, आणि एकांकिका स्पर्धेत तीस खुर्च्यांसमोर थरथरत उभ्या राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरीला लागतं. तिचं वाक्य फार तर परीक्षकाला खटकेल.

लोकनाट्याचं काय करता तेही एकदा कळवावं. ‘विच्छा माझी पुरी करा’ची संहिता वसंत सबनिसांची, पण दादा कोंडके उभे राहिले की त्या दिवशीच्या पेपरातला पुढारी त्या दिवशीच्या प्रयोगात यायचा. प्रमाणपत्र कशाला होतं मग? कागदाला की दादांच्या जिभेला?

जाता जाता. हे पत्र घरी बसून वाचायला बंदी नाही, असं मी धरून चालतो. पण आमच्या सोसायटीच्या गणपतीत ते स्टेजवर वाचायचं म्हणताहेत, मागे हार्मोनियम घेऊन. तो प्रयोग ठरतो की नाही यावर कमिटीत दोन तट पडलेत. म्हणून संहितेच्या प्रती जोडल्या आहेत. खटकेल ते खुशाल खोडावं, फक्त काय खोडलं ते स्पष्ट दिसू द्यावं. लोकांना ते आधी वाचून दाखवू.

आपला आज्ञाधारक (प्रमाणपत्र मिळेपर्यंत),
बाल्कनीतला एक प्रेक्षक