सुभद्रा जागीच होती

भाचीने सातव्या महिन्यात गर्भसंस्काराचा वर्ग लावला. रोज सकाळी पोटावर हेडफोन. बाळाची रामरक्षा झाली, पसायदान झालं, राग भूपही झाला म्हणे. शेवटी अभिमन्यूचं उदाहरण समोर आहेच. तिथे ऐकता ऐकता सुभद्रेला डुलकी लागली आणि घोटाळा झाला. आमची सुभद्रा टक्क जागी होती, पण तिला कोणी काही सांगतच नव्हतं.

उदाहरणार्थ, कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचं तोंड किती वेगाने उघडतं? तासाला एक सेंटीमीटर, हा १९५०च्या दशकातला हिशेब. काही बायकांना जास्त वेळ लागतो, निव्वळ तेवढ्यावरून घाई करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगून ठेवलंय. पण ती बसते जिनिव्हात, आणि आम्ही दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर.

चार वाजता डॉक्टर बाहेर आले. "गळ्याभोवती नाळ आहे. रिस्क घ्यायची का, तुम्हीच सांगा." जावईबापूंच्या हातात फॉर्म, फॉर्मला दोरीने बांधलेलं पेन. "कुठे सही करू?" एवढंच त्यांनी विचारलं. चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्यात नाळ असते आणि त्यातली बहुतेक सुखरूप येतात, हे मला नंतर कळलं. मीही मान डोलावली होती.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांत शंभरातली १४ बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७. म्हणजे बाळ पोटातून पाटी वाचतं! पाटी सरकारी असली की सरळ येतं, आईचा मेडिक्लेम दिसला की अडून बसतं. (भूल देणारा डॉक्टर नाही म्हणून आडगावातून जिल्ह्याला निघालेल्या, खरोखर अडलेल्या बाईला मात्र हेच सिझर वेळेवर मिळत नाही.)

तोड आहे. रॉब्सन नावाच्या डॉक्टरांची २००१ मधली पद्धत: प्रत्येक बाळंतीण दहापैकी एका गटात घाला, मग कुठल्या गटात किती कापलं जातंय ते कागदावर दिसू लागतं. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर त्या कागदाला जागा नव्हती. तिथे कॅलेंडर होतं, मुहूर्ताच्या तारखांना लाल गोल केलेलं.

तिसऱ्या दिवशी भाची पोट धरून उठत होती. "मामा, नाळेचे वेढे किती होते हो?"

मी फाईल उघडली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'प्रसूतीत प्रगती नाही'. नाळेचं नावही नव्हतं.