फाटकावरची वही

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. त्या हक्काचं खरं रक्षण मात्र सोसायट्यांच्या फाटकावरची वही करते, याची नोंद इतिहासाने घ्यावी. नाव, मोबाइल, गाडीचा नंबर, कोणाकडे, कशासाठी... सुतळीने बांधलेल्या पेनाने पाहुण्याने सगळं लिहायचं. आधी येऊन गेलेल्यांची माहिती वरच्या ओळींत उघडीच असते. जे लपवलेलंच नाही, ते चोरीला जाणार कसं? इतका चोख बंदोबस्त तिजोरीवाल्यांनाही सुचलेला नाही.

काही संशयात्मे म्हणतात, वहीत कोणीही खोटा नंबर लिहील. अगदी बरोबर, चोर तोच लिहितो. खरा नंबर फक्त सरळ माणूस लिहितो, त्यामुळे परिसरातल्या तमाम सज्जनांची अद्ययावत यादी वॉचमनच्या टेबलावर तयार राहते. दुसरे म्हणतात, आधारची झेरॉक्स वाटेल त्याला देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसतील अशी प्रत द्या, असं मे 2022 मध्ये सरकारी पत्रकच निघालं होतं. निघालं होतं खरं. पण लोकांचा गैरसमज होईल म्हणून ते दोन दिवसांत मागेही घेतलं गेलं. सावधगिरीच्या सल्ल्यापासून जनतेला इतक्या तत्परतेने क्वचितच कोणी वाचवलं असेल.

तेव्हा आता संकोच नको. वही भरून रद्दीत जाईपर्यंत कशाला थांबायचं? दर महिन्याला तिची पानं नोटीस बोर्डावर लावावीत. मेन्टेनन्स थकवणाऱ्या सभासदांची नावं तेवढी लावू नयेत. ती खासगी बाब आहे.