भुकेचे अंदाजपत्रक

जोडून सुट्टी आली की मराठी माणूस आधी गाडीचे तिकीट पाहतो, मग हॉटेल, मग एकूण खर्चाचा आकडा, आणि हे सगळे जुळल्यावर 'तिकडे खायला काय काय आहे' याची यादी मागवतो. केवळ खाण्यासाठी काढलेल्या सहलीत हा क्रम साफ उलटा आहे. बहुतेक खाद्यसहली याच चुकीपायी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास कोसळतात आणि उरलेला वेळ हॉटेलच्या खोलीत सोडा-लिंबू शोधण्यात जातो. पैसा उसना मिळतो, रजा वाढवता येते, तिकीट तत्काळमध्ये निघते. भूक मात्र उसनी मिळत नाही आणि शनिवारची शिल्लक रविवारच्या खात्यात ओढताही येत नाही. तेव्हा अशा सहलीत अंदाजपत्रक मांडायचे ते भुकेचे. बाकीचे खर्च किरकोळ समजावेत. पुढील मार्गदर्शन इंदूर शहर धरून केले आहे, कारण तेथे सकाळच्या पोह्यांपासून मध्यरात्रीच्या रबडीपर्यंत खाण्यात खंड पडत नाही. शिवाय होळकरांच्या काळापासून तेथे मराठी घरे असल्यामुळे मराठी प्रवाशाच्या भुकेला त्या शहरात एक खास धोका आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

प्रथम गणित. प्रौढ माणसाच्या पोटात एका वेळी साधारण एक ते दीड लिटर ऐवज मावतो, आणि साधे जेवण तेथून पुढे सरकायला चारेक तास लागतात. तेल-तूप जास्त असेल तर त्याहून अधिक; आणि इंदुरात तेल-तूप कमी असण्याची शक्यता हिशेबात धरण्याचे कारण नाही. सकाळी आठला पहिला घास आणि रात्री एकला शेवटचा असे मानले तर हाती सतरा तास येतात, म्हणजे पोटाच्या चार खेपा. पहिले दोन दिवस चार-चार आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळची परतीची गाडी असल्याने दोन, अशा एकूण दहा खेपा. आता यादी पाहा: पोहे-जिलबी, कचोरी, खोपरा पॅटिस, भुट्टे का कीस, गराडू, दहीवडा, साबुदाण्याची खिचडी, मावा-बाटी, मालपुआ, रबडी, शिकंजी, दाल-बाफले. ही फक्त आठवायला कष्ट न पडणारी नावे. न्यू पलासियातल्या छप्पन दुकानाने तर आपल्या नावातच आकडा सांगून ठेवला आहे. दहा खेपांत हे बसवायचे तर अपूर्णांकांना पर्याय नाही, आणि म्हणून खाद्यसहलीला माणसे चार हवीत. एका प्लेटमध्ये चार चमचे सुखाने फिरतात. पाचवा आला की दुसरी प्लेट मागवावी लागते आणि सगळे गणित बिघडते. या चौघांत 'मला वेगळं नको, तुझ्यातलाच एक घास दे' असे म्हणणारा निदान एक असावा. एरवी या माणसावर सगळे वैतागतात, पण खाद्यसहलीचा तोच खरा शिल्पकार. तसाच पानात काही टाकायचे नाही या संस्कारात वाढलेलाही एक हवा. तिघांनी चव घेऊन ठेवलेले संपवणे हे त्याचे काम. त्यात त्याच्या खेपा लवकर भरतील, हे खरे. पण मोठ्या कार्यात कोणीतरी खर्ची पडतोच.

अपूर्णांकांच्या जोडीला आलटापालटही लागते. तिखटामिठाच्या पदार्थाने पोट भरल्यासारखे वाटले तरी गोडाची इच्छा शिल्लक राहते, कारण तृप्ती बऱ्याच अंशी चवीपुरती असते. एकाच चवीचा कंटाळा येतो, अन्नाचा येत नाही. पोटाच्या अभ्यासकांनी हे प्रयोग करून दाखवले आहे, इंदूरकरांनी ते पोह्यांशेजारी जिलबी ठेवून दाखवले. ही जोडी पाहून नाक मुरडणाऱ्या पाहुण्याने एवढे ध्यानात घ्यावे, की समोर ठेवलेली गोष्ट हौस म्हणून आलेली नाही. ती एक पद्धत आहे आणि दिवसभर वापरायची आहे: कचोरीनंतर समोसा नाही, कचोरीनंतर रबडी.

आता मुख्य मुद्दा. भुकेचे अंदाजपत्रक विकतच्या पदार्थांनी तुटीत जात नाही, कारण विकत घेताना माणूस दोनदा विचार करतो. ते तुटीत जाते फुकटच्या अन्नाने. पहिला गुन्हेगार म्हणजे खोलीच्या भाड्यात धरलेला हॉटेलचा नाश्ता. पैसे भरलेत म्हणून माणूस खाली उतरतो, उतरलाच आहे म्हणून इडली घेतो, इडली घेतलीच आहे तर टोस्टनेही काय बिघडते असे म्हणतो, आणि दहापैकी एक अख्खी खेप बटर-जॅमला देऊन इंदूरच्या रस्त्यावर ढेकर देत उभा राहतो. त्या नाश्त्याचे पैसे तो खाल्ला तरी गेले आणि न खाल्ला तरी गेले. खाल्ला तर वर पोहेही गेले. म्हणून हॉटेल निवडताना नाश्ता नसलेले पाहावे, आणि तसे न मिळाल्यास अभिप्रायांत ज्याच्या नाश्त्याला सर्वांत जास्त शिव्या आहेत ते. दुसरा गुन्हेगार घरून निघताना दिलेला डबा. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी इंदुरात पोचते, त्यामुळे रात्रीचे दोन घास समजण्यासारखे आहेत. पण 'तिकडे काही मिळालं नाही तर असू दे' म्हणून दिलेल्या दशम्या, चटणी आणि लाडू हे इंदुराविषयीच्या घोर अज्ञानातून दिलेले असतात. ते गाडीतच शेजाऱ्यांत वाटावेत. रिकामा डबा परतीला शेवेसाठी कामी येतो.

तिसरा आणि सर्वांत बलाढ्य धोका म्हणजे इंदूरची मावशी. मावशी नसेल तर आत्या असते, आत्या नसेल तर वहिनींच्या माहेरचे कोणीतरी. फोन केला की पलीकडून एकच वाक्य येते: 'बाहेरचं कशाला खाताय, जेवायलाच या.' या जेवणात वरण-भात, दोन भाज्या, कोशिंबीर, पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेले श्रीखंड आणि आग्रह असतो. त्यातला आग्रह पचायला सर्वांत जड. जेवण उत्तमच असणार, याविषयी शंका नाही. पण ते पुण्यातही मिळते, आणि त्यात एक नव्हे, दोन खेपा जातात. यावर आक्षेप येतो की शहरात येऊन नातेवाइकांना कळवायचेही नाही, ही कुठली माणुसकी? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर असे, की कळवावे. फक्त भेटीची जागा आपण ठरवावी, आणि ती म्हणजे रात्री खाण्याच्या गाड्या लागणारा सराफा बाजार असावी. इंदूरकरांना पाहुण्यांना सराफ्यात नेण्याचा अभिमान असतो, त्यामुळे मावशीही नाराज होत नाहीत आणि काका तर चपला घालून आधीच दारात उभे असतात. कोणत्या गाडीवर कधी जावे हे ज्ञान त्यांच्याकडून फुकट मिळते, आणि फुकटच्या गोष्टींत पोटात जागा न अडवणारी ही एकच. मात्र 'बरं, मग निदान चहाला तरी' या तडजोडीला मान्यता देऊ नये. इंदुरात नुसता चहा नसतो. त्याच्याबरोबर शेव येते, शेवेबरोबर मठरी येते, आणि मग घड्याळाकडे पाहून उपयोग नसतो.

येथे एखादा व्यवहारी वाचक विचारेल, की पुण्यात 'इंदोरी पोहे' लिहिलेल्या हातगाड्या आहेत, जिरावण मसाल्याचे पाकीट दुकानात मिळते आणि बाकीचे मोबाईलवरून दारात येते. मग रात्रभर गाडीत बसायचे कशाला? आणि पोहे तर मूळ आपलेच, ते होळकरांबरोबर तिकडे गेले असे सांगतात. आपलेच पोहे परक्या गावी पैसे देऊन खायचे का? या आक्षेपात तथ्य आहे, पण पदार्थ तेवढा उचलून आणता येतो, त्याची वेळ आणता येत नाही. आपले कांदेपोहे कढईत परतून झाकण ठेवले की झाले. इंदूरचे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत बसलेले असतात आणि गिऱ्हाइकाच्या हाती जाताना त्यांवर बडीशेपेचा वास, कांदा, शेव आणि जिरावण पडते. बंद डब्यातून अर्ध्या तासाने आलेल्या पोह्यांत ती शेव लोळागोळा झालेली असते. गराडू तर ऋतूलाच बांधलेला. कोनफळाच्या जातीचा हा कंद थंडीत येतो, फोडी करून खरपूस तळतात, वर लिंबू पिळून जिरावण टाकतात, आणि तो बोटे पोळत असतानाच खायचा असतो. मे महिन्याच्या सुट्टीत इंदुरास जाऊन गराडू शोधणाऱ्याची कीव करावी. राहिला सराफा. तेथे दिवसा सोन्याचांदीची पेढी असते; ती बंद झाल्यावर रात्री तिच्याच ओट्यासमोर गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. म्हणजे या शहराचे खाणे घड्याळाने लावलेले आहे. ताऱ्यांच्या संख्येने लावलेली मोबाईलवरची यादी तेथे निरुपयोगी ठरते, कारण साडेचार तारे मिळालेला दहीवडा सकाळी अकराला गेल्यास बंद शटर आणि बांगड्यांचे वजन करणारा सराफ एवढेच दाखवतो.

सराफ्यात शिरण्याची शिस्त वेगळी सांगायला हवी, कारण दहापैकी दोन खेपा, आणि त्याही सर्वांत मोलाच्या, येथेच खर्च होतात. बाजार पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीही न खाता चालून जावा. हे वाक्य लिहायला सोपे आहे. वाटेत जोशींच्या गाडीवर दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून परत झेलला जात असतो, एका ठिकाणी किसलेला मका तुपा-दुधात शिजून कीस होत असतो, आणि शेजारी थाळीच्या आकाराची एकच जिलबी कढईत फिरत असते. तरीही चालावे. एकादशी पाळणाऱ्यापेक्षा येथे मोठा संयम लागतो. एकादशीला निदान डोळ्यांसमोर दहीवडा उडत नाही. परतताना खावे: आधी कीस, मग गराडू, मग दहीवडा, आणि गोडापैकी रात्री एकच. ज्यांचा खरोखर उपवास असेल त्यांनाही साबुदाण्याची खिचडी आहे, मात्र वर फराळी चिवडा भुरभुरलेली ती खिचडी पाहून घरच्या खिचडीशी वाद घालत बसू नये. सर्वांत फसवी शिकंजी. नाव ऐकून माणूस लिंबूपाण्याच्या अपेक्षेने 'जरा पचेल' म्हणून मागवतो, आणि हाती येते आटवलेल्या दुधाचे, सुक्यामेव्याचे, चमच्याने खाण्याइतके दाट प्रकरण. तो पेल्यात बसलेला अख्खा जेवणाचा ऐवज आहे. अंदाजपत्रकात तो पेयांच्या रकान्यात लिहिणे ही अफरातफर होय.

मग शहर पाहायचे की नाही? अवश्य पाहायचे, पण पाचक म्हणून. दोन खेपांमधल्या चार तासांत राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, काचमंदिर आणि लालबागेचे प्रशस्त आवार ही ठिकाणे पायी हिंडण्यास योग्य आहेत, आणि राजवाडा सराफ्याला इतका लागून आहे की इतिहास संपताच वडा सुरू होतो. गटातला कोणीतरी येथे हमखास म्हणेल, 'एवढं लांब आलोच आहोत तर उज्जैन करू, ओंकारेश्वर करू, जाता जाता महेश्वरही.' उज्जैन पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, बाकीची दोन ऐंशी-नव्वदच्या घरात. नकाशावर सगळे हाताशी दिसते. पण तीन दिवसांत हे सारे उरकणारा माणूस पोहे गाडीत खातो, दुपारचे जेवण हमरस्त्यावरच्या ढाब्यावर पनीर-नान मागवून करतो आणि सराफ्यात पोचतो तेव्हा डुलक्या घेत असतो. महाकालाचे दर्शन आणि अहिल्याबाईंचे महेश्वर यांची बाजू एवढी मोठी आहे की त्यांना कचोऱ्यांच्या मध्ये कोंबणे त्यांचाच अवमान ठरेल. त्यांच्यासाठी वेगळी यात्रा काढावी, आणि ती शक्यतो उपाशीपोटी.

हा सगळा चंगळवाद आहे, असा शेवटचा आक्षेप. वस्तुतः पाव प्लेट खाणारा, दोन खेपांत मैलभर चालणारा आणि फुकटचा नाश्ता नाकारणारा माणूस घरी टीव्हीसमोर फरसाणाचे पाकीट संपवणाऱ्यापेक्षा कितीतरी संयमी आहे. रस्त्यावरच्या स्वच्छतेची काळजी करणाऱ्यांसाठी सांगायचे तर छप्पन दुकान आणि सराफा या दोन्ही जागांना केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची स्वच्छ खाद्यकेंद्र म्हणून मान्यता मिळालेली आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे, या लेखाचे नाही.

दाल-बाफले मुद्दाम शेवटासाठी राखले आहेत. कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग भाजायचे आणि मग तुपात बुडवायचे. त्यावर डाळ, बरोबर चुरम्याचा लाडू. हे खाल्ल्यावर माणूस काही तास कोणत्याही कामाचा राहत नाही. पहिल्या दिवशी बाफले खाणारे लोक बाकीचे इंदूर झोपेत पाहतात. म्हणून ते तिसऱ्या दिवशी दुपारी, गाडीच्या आधी. वरचा बर्थ मात्र टाळावा, चढता येत नाही. थंडी, गराडू आणि जोडून सुट्टी हे तिन्ही जुळायला २६ जानेवारी उत्तम. ती २०२६ मध्ये सोमवारी येते आणि त्यानंतर सरळ जोडून येण्यासाठी २०२९ च्या शुक्रवारची वाट पाहावी लागते. २०२७ मध्ये ती मंगळवारी आहे. त्या वर्षी सोमवारची एक रजा टाकल्यास दहाच्या जागी चौदा खेपा हाती लागतात. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. रजेचा अर्ज त्याच्या आदल्या दिवशी द्यावा आणि कारणाच्या रकान्यात 'इंदूरच्या मावशी' एवढेच लिहावे.