उपक्रमशील ग्रंथपाल

जुना ग्रंथपाल ओळखायला सोपा होता. चष्मा कपाळावर, पुढ्यात दाखल नोंदवही आणि ओठांवर एकच वाक्य, ‘ते पुस्तक बाहेर गेलंय.’ पुस्तकच तेवढे बाहेर जाई, ग्रंथपाल जात नसे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आता जी नवी जात दिसते, तिचे उलटे आहे: पुस्तक कपाटात आणि ग्रंथपाल बाहेर. हे गृहस्थ (किंवा मॅडम, या जातीत मॅडमच अधिक उत्साही) सभागृहाची तारीख मिळवायला गेलेले असतात. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन उरकतो न उरकतो तोच दिवाळी अंकांची योजना येते, मग 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, पाडव्याच्या शोभायात्रेत ग्रंथदिंडी, 23 एप्रिलचा पुस्तक दिन. पंचांगकर्त्यांना न सुचलेले सणही यांच्या वहीत असतात. पालखीला चार खांदे, मंडपवाल्याचा नंबर आणि भाषण आवरते घेणारा अध्यक्ष या तिन्ही दुर्मीळ गोष्टी यांच्याकडे तयार असतात, पैकी तिसरी फक्त कागदावर. बोलताना ते ‘कार्यक्रम’ म्हणत नाहीत, ‘उपक्रम’ म्हणतात. कार्यक्रम एकदा होऊन जातो, उपक्रमाला पुढच्या वर्षीही वर्गणी मागता येते.

या माणसाला हसणे सोपे आहे आणि वाचनालयाच्या वार्षिक सभेत ते काम मन लावून केले जाते. पहिला आक्षेप असा, की हा ग्रंथपाल राहिला नसून समारंभवाला झाला आहे. वाचनालयाने दार उघडे ठेवून शांत बसावे, ज्याला वाचायचे तो येईल. आक्षेप भारदस्त आहे, फक्त त्याला लोकलचे वेळापत्रक ठाऊक नाही. कल्याणला आगगाडी 1854 साली पोहोचली आणि सार्वजनिक वाचनालय 1864 साली निघाले. तेव्हा दहा वर्षे उशीर झाला, आणि वाचनालय अजूनही गाडीच्या मागेच आहे. सकाळी पाळी सुरू होते तेव्हा वर्गणीदार मुलुंडच्या पुढे एका पायावर उभा असतो. संध्याकाळी कुलूप लागते तेव्हा तो दिव्याला सिग्नलची वाट पाहत असतो. त्याच्या हाती उरतो रविवार, तोही वाण्याची यादी, मुलांचे क्लास आणि सोसायटीची सभा वजा करून. शांत बसून अशा माणसाची वाट पाहणारे वाचनालय खरोखरच शांत होते, इतके की पंख्याचा आवाज ऐकू येतो. तेव्हा रविवारी सकाळी चौकात पुस्तके मांडणे ही हौस असेलही, पण तिच्यामागे साधा हिशोब आहे.

पुरावा डोंबिवलीत आहे. पुंडलिक पै यांची पै फ्रेंड्स लायब्ररी 1986 पासून वाचकांच्या वर्गणीवर चालते. तिनेच पुस्तक आदानप्रदानाचे सोहळे भरवले: आपले वाचून झालेले पुस्तक आणा, दुसऱ्याचे घेऊन जा. पुढे फडके रोडवर, जिथे एरवी दिवाळी पहाटेला नवे कपडे पाहायला आणि दाखवायला तरुणाई लोटते, तिथे रस्त्यावरच पुस्तके मांडली. आता वर्गणीवर पोट असलेला माणूस निव्वळ हौसेने मंडप घालत नाही. लोकांना पुस्तके फुकट घरी नेऊ दिली तर सभासद घटतील, ही भीती त्यालाच आधी वाटायला हवी होती. तरी तो हे करत राहतो, यावरून पुस्तक हाताळायची सवय लागलेला माणूस वर्गणीच्या पावतीला बिचकत नाही, असे अनुमान काढायला हरकत नसावी. बाकी अशा ठिकाणी लोक सेल्फी काढतात हे खरे. 2017 च्या फेब्रुवारीत डोंबिवलीला 90 वे साहित्य संमेलन झाले, तिथेही काढले. साहित्यिकांनी स्वतःच काढले.

दुसरा आक्षेप कोषाध्यक्षांचा आणि म्हणून अधिक गंभीर: मंडपाच्या पैशात किती पुस्तके आली असती! आली असती, आणि कपाटात जाऊन बसलीही असती. पुस्तके वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रातला रंगनाथनांचा पहिला नियम 1931 पासून छापील आहे. मात्र ज्या ग्रंथात तो आहे, तोच बऱ्याच ठिकाणी ‘संदर्भ, बाहेर नेण्यास मनाई’ असा शिक्का मिरवतो. 1893 साली ठाण्याला वि. ल. भावे आणि मंडळींनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, तेव्हा मराठी पुस्तके जमवणे हाच मोठा उपक्रम होता, कारण पुस्तके विखुरलेली होती. आज विखुरलेला आहे तो वाचक, घोडबंदर रोडच्या टोलेजंग इमारतींपासून टिटवाळ्यापर्यंत. जमवायची वस्तू बदलली, तर खर्चाचे खाते बदलणारच.

आमच्या ग्रंथपालाचा खरा दोष या दोन्ही आक्षेपांत येत नाही. आपली बाजू बळकट आहे हे त्यांना सिद्ध करता येत नाही. ‘दंडमाफी सप्ताहा’त बुडीत पुस्तके परत आली, तर ते त्यांचे प्रदर्शन भरवतात, उद्घाटनाला ती बुडवणाऱ्यांपैकीच एका प्रतिष्ठिताला बोलावतात, पण परत आलेल्या सभासदाने पुढच्या आठवड्यात दुसरे पुस्तक नेले का, हे पाहत नाहीत. सभेत कुणी विचारलेच, ‘सर, नवे सभासद किती झाले?’ तर ते मोबाइल पुढे करून फोटो दाखवतात. उत्तर देवघेवीच्या टेबलावरच्या वहीत असते. ती वही लिहिणारी मुलगी सभेला नसते, कारण पुढच्या रविवारच्या बॅनरचे काम तिच्याकडेच दिलेले असते.