दिसत नसलं तरी बुडी मारा: चष्मेवाल्या वसई-विरारकरांसाठी पहिला धडा

नंबर उणे 6, मुक्काम नालासोपारा, आणि मेव्हणा ग्रुपवर मालवणच्या स्कूबाचं बुकिंग टाकून मोकळा. अभिनंदन! समुद्राच्या तळाशी जायचं, काही म्हणजे काही न पाहता वर यायचं आणि पुढे वर्षभर सगळं पाहिल्यासारखं सांगत फिरायचं, एवढंच आपल्याला साधायचं आहे. घाबरू नका. दर हंगामात भलेभले हे करून येतात.

1. जागा नीट निवडा. घराजवळ राजोडी, कळंब, भुईगाव, अर्नाळा असताना मालवण कशाला, असं कंजूष मन विचारेल. त्याला सांगा की एका अंगाला वसईची खाडी आणि दुसऱ्या अंगाला वैतरणा जो गाळ आणून ओततात, त्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःची पावलं दिसत नाहीत. तिथे तुम्ही आणि 6/6 नजरेचा मेव्हणा अगदी समान पातळीवर याल, आणि तेवढ्यासाठी कोणी पैसे मोजत नाही. मालवणकडे जायला 2024 पासून वांद्रे-मडगाव गाडी वसईवरून जाते, ती धरा. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, ऑगस्टअखेरपर्यंत हे सगळं बंद असतं.

2. नंबर कोणाला सांगू नका. किनाऱ्यावर सही करायच्या कागदावर दमा, हृदय, रक्तदाब, कान यांची चौकशी असते. चष्म्याचं कोणी विचारत नाही, आणि न विचारलेलं सांगणं आपल्याला शोभत नाही. सांगितलंत तर घोटाळाच. ‘मला सिलिंडरपण आहे’ म्हणालात की स्कूबावाला पोरगा म्हणेल, ‘तो आमीच देतव.’

3. पाण्यात घालायला नंबरचा मास्क मिळतो, ही माहिती कानावर पडूच देऊ नका. तरी पडलीच, तर एवढं लक्षात असू द्या: दोन वेगळ्या काचा असलेल्या बऱ्याच मास्कमध्ये साधी काच काढून नंबरची तयार काच बसवता येते. ती अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने येते, आणि उणे 8 पर्यंत सहज सापडते. सिलिंडर थोडा असेल तर त्याचा अर्धा आकडा मूळ नंबरात मिळवून भागवतात. जास्त असेल तर मास्कच्या काचेवर आतून खास घडवलेली काच चिकटवून देणारेही आहेत. हे काम चार-दोन आठवडे आधी सुरू करावं लागतं, म्हणून आपण निघायच्या आदल्या संध्याकाळी पारनाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन विचारायचं. दुकानदार तुम्हाला प्रोग्रेसिव्ह दाखवेल. घेऊन या.

4. चष्म्यावरच मास्क चढवून पाहा. प्रत्येक जण एकदा पाहतोच. काड्या कानशिलावर मास्कची रबरी कड उचलून धरतात आणि त्या फटीतून समुद्र आत येतो. मग चष्मा भिजतो, डोळे चुरचुरतात, आणि नाकात पाणी गेल्यावर नंबराची आठवणही राहत नाही.

5. पोहण्याचा नंबरवाला गॉगल स्वस्तात मिळतो, हे खरं. पण त्यात नाक बाहेर राहतं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, तो सांभाळायला मास्कमध्ये नाकाने थोडी हवा सोडावी लागते, आणि गॉगलमध्ये ती सोय नाही. डोळे पेला लावल्यासारखे ओढले जातात, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात रक्त साकळतं. लग्नसराईतल्या फोटोंत वेगळं दिसायचं असेल तरच हा मार्ग.

6. कॉन्टॅक्ट लेन्स. ही सूचना वगळायचं मनात होतं, कारण ती उपयोगी आहे. मऊ, रोज फेकायच्या लेन्स मास्कखाली चालतात. मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटायचे, पाणी नाकाने बाहेर फुंकायचं आणि मगच उघडायचे. वर आल्यावर लेन्स काढून टाकून द्यायच्या, कारण पाण्यातला अकँथामीबा लेन्सखाली मुक्काम ठोकतो आणि त्याला घालवणं महाकर्मकठीण. जुन्या पद्धतीच्या कडक लेन्स नकोत, वर येताना त्यांच्याखाली नायट्रोजनचे बुडबुडे अडकतात. तर असं आहे. पण तुम्ही लेन्स घालणार नाही. ‘डोळ्यात बोट घालायची भीती वाटते’ असं म्हणत होडीतून पाठीवर लोखंड बांधून उलटे कोसळाल.

7. लेसर करून घ्यायचा विचार असेल तर उत्तम, फक्त तारखा जुळवू नका. लॅसिकनंतर डायव्हिंगचे जाणकार साधारण महिनाभर थांबायला सांगतात. मेव्हण्याचं बुकिंग येत्या शनिवारचं आहे.

8. चष्मा कुठे ठेवायचा? होडीत कोरडी जागा एकच असते आणि तिथे सगळ्यांचे मोबाइल असतात. डाव्या चपलेत, वर टॉवेल गुंडाळून ठेवा. वर आल्यावर तो चष्म्याविना शोधायचा आहे, हे आत्ता मनात आणू नका. चप्पल निळी होती एवढं घोकून ठेवा. होडीत सगळ्यांच्या निळ्याच असतात.

9. मास्क घालण्याआधी आतून थुंकी चोळतात, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. तुम्ही थुंकी वाचवा. वाफ कोणती आणि नंबर कोणता, हे तुम्हाला खाली वेगळं ओळखता येणार नाही.

10. आता खाली. इथे थोडं गणित करू, कारण अनुभव तरी त्यानेच येणार. उणे 6 वाल्याला चष्म्याविना 16-17 सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं. पाण्यात मास्कच्या सपाट काचेमागून वस्तू प्रत्यक्षाच्या पाऊण अंतरावर आणि सुमारे एक तृतीयांश मोठी भासते. म्हणजे तुमची हद्द वाढून 22 सेंटिमीटर झाली: बरोबर एक वीत. उणे एकवाल्यांचं या सवलतीत बऱ्यापैकी भागून जातं, त्यांच्याशी बोलू नका. तुमच्यापुरता सिंधुदुर्ग किल्ल्याचा सगळा समुद्र एक वीतभर आहे. त्यात जो मासा येईल तो तुमचा. काही ठिकाणी माशांना पाव टाकून जवळ आणतात. ते माशांच्या तब्येतीला बरं नाही, आणि मासे आलेच तर पावाकडे येतात. पाव धरलेला असतो त्या पोराच्या हातात, हातभर लांब.

बाकी सगळं हिरवट. मेव्हण्याचा लाल टी-शर्टही खाली राखाडी होतो, कारण पाणी लाल रंग आधी गिळतं. तेव्हा त्याला टी-शर्टवरून ओळखू नका. दादरला इंडिकेटर दिसत नसताना विरार गाडी गर्दीच्या आकारावरून ओळखता ना? तीच विद्या इथे वापरा.

खुणा मात्र जपून. अंगठा वर म्हणजे ‘झकास’ नव्हे, ‘मला वर न्या’. झकाससाठी अंगठा आणि तर्जनीचं गोल करतात. पोरगा समोर गोल करून विचारतो, तुम्हाला धूसर मूठ दिसते, तुम्ही जन्माच्या सवयीने अंगठा दाखवता आणि तो इमानेइतबारे तुम्हाला वर घेऊन येतो. ‘काय झाला? बरा नाय वाटत?’ पैसे परत मिळत नाहीत.

11. चाळिशीवाल्यांचा प्रश्न उलटा. मासे दिसतात, हवेचा काटा वाचता येत नाही. मास्कच्या काचेवर तळाशी चिकटवायची छोटी अधिक नंबरची भिंगं मिळतात. पण ‘मला चाळिशी नाही’ हे ज्यांनी घरात जाहीर केलं आहे, त्यांनी काटा न वाचता मनाने अंदाज बांधावा आणि वाचायचं काम पोरावर सोपवावं.

12. मेव्हण्यावर सूड घ्यायचा असेल तर त्याला पाण्यात मास्क काढायला सांगा. डोळ्याच्या साधारण 60 डायॉप्टर ताकदीतली चाळीसच्या वर बुबुळाच्या पुढच्या पडद्यावर हवा लागल्याने मिळते, पाणी लागलं की ती गेली. त्या घटकेला तो तुमच्याहून आंधळा. अंदमान समुद्रातल्या मोकेन लोकांची मुलं बाहुली बारीक करून पाण्यात आपल्याहून दुप्पट बारीक पाहतात, असं 2003 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मोजलं. मेव्हणा मोकेन नाही. खात्री करून घ्या.

13. वर या, उजव्या चपलेत हात घाला, मग डाव्या, मग दुसऱ्याच्या. चष्मा सापडला की काचा टॉवेलला पुसा. त्याला मीठ लागलेलं असतं, त्यामुळे ओरखडे छान उमटतात.

14. आता खरं स्कूबा. पोराने खाली काढलेला व्हिडिओ मोबाइलवर घ्या, चष्मा लावा आणि किनाऱ्यावर सावलीत बसून पाहा. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा अख्खा थवा तुमच्या कानामागून गेला, हे तुम्हाला इथे प्रथमच कळेल. पडद्यावर तुम्ही उलट दिशेला, एका खडकाकडे अंगठा दाखवत असाल. तो भाग कापा आणि बाकीचा ग्रुपवर टाका.

15. सोसायटीत, गाडीत, ऑफिसात सगळे विचारतील, ‘काय काय दिसलं?’ माशांची नावं घेऊ नका, कोणीतरी पाचूबंदरचा निघतो आणि उलटतपासणी घेतो. नुसती मान हलवा आणि म्हणा, ‘ते शब्दांत नाही सांगता येत हो.’ तुम्ही अक्षरशः खरं बोलत असाल.