आगाऊ इतिवृत्त

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, १६५ जण निवडून आले आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या ताब्यात असलेलं पुणे महापालिकेचं सभागृह पुन्हा नांदतं झालं. गुंतवणुकीचे फ्लॅट सोडले तर इतकी वर्षं कुलूपबंद राहिलेलं घर पुण्यात दुसरं नसेल.

आता महागाई आणि परवडणारी घरं या विषयावर मुख्य सभेत चर्चा होणार. कधी, हे सांगता येत नाही; काय होणार, हे सांगता येतं. नव्या सभासदांची धांदल उडू नये म्हणून त्या सभेचं इतिवृत्त मी खडकवासल्यातून आधीच लिहून पाठवतो आहे. त्यांनी रिकाम्या जागी आपापली नावं भरावीत.

हा आगाऊपणा करायचा अधिकार मला कोणी दिला, असं कोणी विचारेल. चार वर्षांच्या रिकामपणाने दिला. आमचं गाव ३० जून २०२१ रोजी इतर बावीस गावांसह महापालिकेत आलं. त्याआधी सरपंच होता, त्याच्या ओट्यावर जाऊन भांडता येत होतं. महापालिकेत येऊन साडेआठ महिने होतात न होतात तोच, मार्च २०२२ मध्ये, नगरसेवकांची मुदत संपली. सासरी माप ओलांडलं आणि सासरची माणसं गाव सोडून गेली, तशी गत. कराची बिलं मात्र पत्ता विचारत बरोबर आली. नव्याने आलेल्या गावांना कायदा सवलत देतो: पहिल्या वर्षी शहराच्या दराच्या २० टक्के, दुसऱ्या वर्षी ४०, असं करत पाचव्या वर्षी १००. कर असा अलगद, पायरी पायरीने वर चढवतात. बाकी सगळं आहे तिथेच, तळमजल्यावर.

असो. सभा सुरू.

प्रथम श्रद्धांजली. सभा तहकूब.

(दुसरा दिवस.) माननीय सदस्य क्र. १ इतिहासापासून सुरुवात करतील. त्यांना अडवू नये, कारण इतिहास खरोखर आमच्या बाजूचा आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ आमचं खडकवासला फुटलं आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. सामान्य माणसाला परवडतील अशी इतकी घरं पुण्यात इतक्या झपाट्याने पुन्हा कधी झालेली माझ्या तरी पाहण्यात नाहीत. त्या सोसायट्यांच्या मालकी हक्काचे कागद मात्र पुढची पन्नासहून अधिक वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. पुण्याचं गृहनिर्माण धोरण म्हणून काही असेल तर ते एवढंच: आधी धरण फुटावं लागतं. (सत्ताधारी बाकांवरून निषेध. धरण पाटबंधारे खात्याचं असल्याने विषय आपल्या कक्षेत येत नाही, असा खुलासा.)

माननीय सदस्य क्र. २ विचारतील, परवडणारं म्हणजे नेमकं किती? प्रशासन फाइल उघडेल. जीएसटीच्या लेखी ४५ लाखांपर्यंतचं घर परवडणारं. महानगरात त्याचं चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र ९०. महानगरांच्या यादीत मुंबई आहे, दिल्ली आहे, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आहे. पुणे नाही. डोक्यावरून मेट्रो जाते तरी आपण ‘इतरत्र’. म्हणजे पुण्यात ४५ लाखांत ९० चौरस मीटरचं, सुमारे ९७० चौरस फूट कार्पेटचं घर मिळू शकतं, असं दिल्लीने गृहीत धरलेलं आहे. असा बिल्डर कोणाच्या पाहण्यात असल्यास त्या सभासदाने उभं राहून नाव सांगावं.

(शांतता.)

(आणखी शांतता. बरेच सभासद या व्यवसायाच्या जवळचे असल्याने ती जरा लांबते.)

इथे मी इतिवृत्त थोडं बाजूला ठेवतो, कारण खाली टँकर आलाय. सकाळचे सव्वासहा. वॉचमन टाकीत बांबू सोडून बघतोय, बांबू कुठवर ओला होतो त्यावर आजचा दिवस ठरतो. आमच्या गच्चीतून धरणाचं पाणी दिसतं. एकटं खडकवासला १.९७ टीएमसी, वरची तीन धरणं धरून २९.१५ टीएमसी. फ्लॅट घेताना त्या दृश्याचे चौरस फुटामागे वेगळे पैसे घेतले होते. पाणी पाहायचे पैसे आणि पाणी आणायचे पैसे, अशी दोन खाती आमच्या घरखर्चाच्या वहीत आहेत. गावात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. देशभरातल्या धरणांची आणि बंदरांची मॉडेलं तिथे बांधून तपासतात. नळाचं मॉडेल तेवढं राहिलंय. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात आली, तेव्हा कुठे बाहेरच्यांना कळलं की धरणाच्या कुशीतल्या गावांत विहिरीचं, नुसतं क्लोरीन टाकलेलं पाणी घरोघर जातं.

टँकरच्या पाइपातून जे गळतं त्याखाली बादली लावून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी उभ्या आहेत. बादली कचऱ्याची आहे, महापालिकेने वाटलेली. तिच्यावर एका माननीयांचा हसरा फोटो होता. आता घासून घासून नुसतं हसू उरलंय. मावशी पूर्वी दांडेकर पुलापाशी राहायच्या. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा याच धरणाचं पाणी न मागता त्यांच्या घरात शिरलं. भांडी गेली, बादली तरंगत राहिली. मग भाडं वाढलं तसं बिऱ्हाड वडगावला, तिथून किरकटवाडीला. दर अकरा महिन्यांनी त्या सिंहगडाच्या दिशेने थोड्या सरकतात.

“दादा, आता खोलीला साडेपाच हजार मागतोय,” मावशी म्हणाल्या. “लाइटबिल वेगळं. त्यानं स्वतःचा सबमीटर लावलाय, तो बंद असला तरी पळतो.”

मी त्यांना पंतप्रधान आवास योजनेबद्दल सांगितलं. वडगाव खुर्दला महापालिकेने त्यातली घरं बांधलीत, ३० चौरस मीटरची. मावशींना ते माझ्याआधी माहीत होतं.

“अर्ज केला होता की. तिकडं म्हणाले, उत्पन्न तीन लाखांच्या आत असल्याचा दाखला आणा. आणला. बँकेत म्हणाले, एवढ्या उत्पन्नात हप्ता कसा भरणार? मी म्हटलं, तुम्ही दोघं एकदा बसून ठरवा, मी गरीब आहे का नाही. मग येते.”

हे वाक्य माननीय सदस्य क्र. ३ यांच्या नावावर घालायला माझी हरकत नाही. बाकं चांगली वाजतील.

पुढचं भराभर घेऊ. क्र. ४ म्हाडाची सोडत काढतील: जानेवारी २०२५ मध्ये पुणे मंडळाची ३६६२ घरं आणि अर्ज ७१,६४२, पुढच्या खेपेला ४१८६ घरं आणि अर्ज दोन लाखांच्या वर. (“लोकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद,” असं प्रशासन म्हणेल.) क्र. ५ सांगतील की ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प केला तर २० टक्के घरं कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवावी लागतात. मग ३९९९ चौरस मीटरच्या भूखंडाचं काय, असं विचारायला उभे राहिलेले सभासद शेजाऱ्याने बाही ओढल्यामुळे खाली बसतील. क्र. ६ रेडी रेकनरवर बोलतील. १ एप्रिल २०२५ पासून पुण्यात तो सरासरी ४.१६ टक्क्यांनी वाढला, त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, बाईच्या नावाने घेतलं तर ६. आमच्या सोसायटीत त्यामुळे निम्मी घरं बायकांच्या मालकीची आहेत. दारावरच्या पाट्या नवऱ्यांच्या.

मधेच क्र. ७ राजदंडाकडे धाव घेतील. फोटो निघेपर्यंत त्यांना अडवू नये.

सायंकाळी सहाच्या सुमारास, सभागृहात अकरा जण असताना, ठराव एकमताने मंजूर होईल. तो असा: परवडणाऱ्या घरांचा विषय अभ्यासासाठी शहर सुधारणा समितीकडे पाठवावा. ठरावाला उपसूचना: अभ्यास होईपर्यंत नागरिकांची गैरसोय टाळण्यासाठी ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांच्या वॉर्डनिधीतून, समाविष्ट गावांत बाकडी बसवावीत. बाकड्याच्या पाठीवर माननीयांचं नाव तीन इंच उंचीच्या अक्षरांत असावं. ज्याला भाडं परवडत नाही त्याला निदान टेकता येईल, हा मुद्दा उपसूचनेच्या बाजूने मांडला जाईल आणि त्यात तथ्यही आहे. धरणाच्या भिंतीजवळ संध्याकाळी एकही बाकडं रिकामं मिळत नाही.

सभा तहकूब.

सभासद गेल्यावर शिपाई दिवे मालवेल. त्याआधी तो एकदा वर घुमटाकडे पाहील. २१ जून २०१८ ला उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडूंच्या हस्ते या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी पाऊस घुमटातून थेट सभागृहात उतरला होता. तेव्हापासून शिपायाचा भरवसा उडालेला. कोपऱ्यातून तो एक बादली उचलून आणेल, अंदाजाने मध्यभागी ठेवेल, आणि तिच्यावरचं हसू महापौरांच्या आसनाकडे वळवून दार ओढून घेईल.